डॉलर नव्वदीपार गेला म्हणून सगळी पुंजी सोन्यात घालू नका

परवा आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेवरून घरी येताना गल्लीतल्या काकांनी दारातच अडवलं. "काय रे, डॉलर शंभरला जाणार म्हणतात. एफडीचे पैसे येतायत, सगळं सोन्यात घालू का?" काका एसटीत वाहक होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, या महिन्यात साठ पूर्ण. फंड आणि ग्रॅच्युइटीचे मिळून 12 लाख बँकेत आहेत आणि एफडीची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. दारात उभ्या-उभ्या "घाला" किंवा "नको" म्हणायला माझी जीभ रेटली नाही. हाच प्रश्न 2013 मध्ये माझ्यापुढे होता आणि तेव्हा मी घाईने चुकलो होतो.

त्या वर्षाच्या सुरुवातीला डॉलर 54-55 रुपयांना होता. ऑगस्टच्या अखेरीस तो 68 च्या वर गेला. टीव्ही लावला की रुपया कोसळला एवढंच. मी नऊ टक्क्यांची एफडी मोडली, दंड भरला आणि सराफ कट्ट्यावर जाऊन साधारण 32 हजार तोळ्याने पाच तोळे घेतले. दोन-तीन महिन्यांत डॉलर 62 च्या आसपास खाली आला. सोनंही उतरत गेलं. 2015 च्या जुलैत धाकट्या बहिणीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी पैसे भरायचे होते, शेवटची तारीख डोक्यावर होती. तेव्हा तेच सोनं 25 हजारांच्या भावाने मोडलं. पस्तीस हजार तिथेच गेले, दोन वर्षांचं व्याज गेलं ते वेगळं. पावती खिशात घालून मी दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसून होतो. वडिलांना खरा आकडा मी आजवर सांगितलेला नाही.

कुणी म्हणेल, आज तेच सोनं लाखाच्या कितीतरी वर आहे, ठेवलं असतं तर? ठेवता आलं असतं तर ना! सोनं वाईट नव्हतं. दोन वर्षांत लागणारा पैसा मी त्यात अडकवला, ती माझी चूक. आपल्याकडचा सोन्याचा भाव म्हणजे जगातला भाव गुणिले डॉलरचा दर, वर आयातशुल्क. डॉलर चढला तरी जगात सोनं पडू शकतं. 2011 मध्ये औंसाला 1,900 डॉलरपर्यंत गेलेलं सोनं 2015 च्या शेवटी 1,050 च्या आसपास आलं होतं. शुल्काचंही तसंच. 2024 च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात ते 15 वरून 6 टक्क्यांवर आणलं आणि भाव एका दिवसात खाली आला. रुपया पडल्याची बातमी आपल्या गल्लीत पोचेपर्यंत ती सराफाच्या भावात केव्हाच मिसळलेली असते.

रुपया काही एका रात्रीत घसरलेला नाही. 1991 च्या जुलैमधल्या अवमूल्यनानंतर डॉलर 26 रुपयांच्या आसपास होता, 2025 च्या डिसेंबरमध्ये तो 90 च्या पुढे गेला. हिशेब मांडला तर वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपासची घसरण होते. ती सवयीची धरूनच पैसा लावायचा असतो. दर मोठ्या आकड्याला दचकून एफडी मोडायची नसते.

पण काकांची भीती खोटी आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. ती माझ्या घरातच बसलेली आहे. वडील यंत्रमागावर राबले आणि त्यांची 5 लाखांची एफडी त्यांचा मोठा आधार. 2013 मध्ये नऊ टक्क्यांनी महिन्याला 3,750 रुपये व्याज यायचं. आज साडेसहा टक्क्यांनी जेमतेम 2,700 येतं. त्यांची एक लाल कापडी बांधणीची वही आहे, रोजचा खर्च पेन्सिलने लिहिलेला. त्यात 2013 मध्ये बीपी-शुगरच्या गोळ्यांसमोर 600 आहेत, गेल्या महिन्यात 1,900. ते अजूनही अभिमानाने सांगतात, "मुद्दल शाबूत आहे." त्यांना काय सांगू? 72 ला महागाईच्या दराने भागलं की पैशाची किंमत किती वर्षांत निम्मी होते ते अंदाजे कळतं. सहा टक्के महागाई धरली तर 72 भागिले 6, म्हणजे बारा वर्षं. पासबुकातले 5 लाख तसेच आहेत, पण त्यांत येणारं सामान निम्मं झालंय.

सरकारी आकडा मात्र भलतंच सांगतो. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये किरकोळ महागाई अवघी पाव टक्का होती. आकडा खोटा नाही. भाजीपाला गडगडला की तो खाली येतो, आणि भाजीपाला गडगडणं म्हणजे काय हे आपल्या मार्केट यार्डात कांद्याच्या विक्रीची पट्टी हातात धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारा. पण वडिलांच्या वहीत कांद्यापेक्षा गोळ्यांची ओळ मोठी आहे. प्रत्येक घराची महागाई वेगळी असते. गुंतवणूक ठरवायची तर आधी आपल्या घराची महागाई काढा, पाच वर्षांच्या वह्या नसतील तर बँकेचं स्टेटमेंट काढून बसा.

मी अक्कलकोट रोडवरच्या दोन-तीन टॉवेल कारखान्यांचे हिशेब बघतो. लोकांना वाटतं, डॉलर वाढला की निर्यातवाल्यांची दिवाळी. समोरचा ग्राहकही विनिमय दर बघतच बसलेला असतो, तो लगेच भाव पाडून मागतो. रंग-रसायनं महागतात. 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं, तेव्हा रुपया घसरल्याचा फायदा कुठल्या कुठे गेला. एका कारखान्यात तीन पाळ्यांची एक झाली. म्हणून "रुपया पडला, निर्यात कंपन्यांचे शेअर घे" असं फोनवर सांगणाऱ्यांचं मी ऐकत नाही. ज्यांचं घर आधीच टॉवेलवर चालतं, त्यांनी तर बचतही टॉवेलच्याच धंद्यात घालू नये. मंदी आली तर पगार आणि पुंजी एकदमच जातात. हे शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, आपण कितीदा पाहिलंय.

ज्यांचा खर्चच डॉलरमध्ये आहे त्यांची गोष्ट वेगळी. मुलाला अमेरिकेत शिकायला पाठवायचं असेल तर 30 हजार डॉलरची फी डॉलर 60 असताना 18 लाख होती, 90 ला तीच 27 लाख होते. अशा घराने आतापासून थोडा पैसा परदेशी शेअरच्या फंडात ठेवावा, हे मला पटतं. काकांचा डॉलरशी थेट संबंध येतो तो तेलाच्या डब्यात आणि गॅसच्या टाकीत. त्यासाठी 12 लाखांचं सोनं लागत नाही.

मग काल रात्री त्यांच्या ओट्यावर बसून हिशेब केला. 6 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत, 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 12,300 रुपये. दोन लाख दवाखान्यासाठी हाताशी, त्याला कुणी हात लावायचा नाही. तीन लाख दहा वर्षं लागणार नाहीत असं काकूंनीच सांगितलं. ते शेअरच्या साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर घेणाऱ्या फंडात, पण एकदम नाही, दर महिन्याला थोडे-थोडे. उरलेल्या एका लाखाचं सोनं. जावयाने शहराच्या हद्दवाढ भागातला प्लॉट सुचवला होता, पण उताऱ्यावर अकरा नावं निघाली. तो विषय तिथेच संपला.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. 2013 च्या डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसासाठी महागाईशी जोडलेले रोखे आणले होते. किरकोळ महागाईचा दर आणि वर दीड टक्का, मुदत दहा वर्षं. प्रतिसाद थंड मिळाला आणि योजना गुंडाळली गेली. व्याज शेवटी एकदम मिळणार होतं, ते म्हाताऱ्या माणसाला कसं परवडणार? तेच दर तिमाहीला हातात देऊन, पोस्टाच्या खिडकीवर विकायला ठेवायला हवे होते. विड्या वळून पोट भरणाऱ्या बाईला डॉलर, सोनं, इंडेक्स यांतलं काही कळायची सक्ती का? तिला एवढंच हवंय की आज ठेवलेल्या पैशात दहा वर्षांनीही तेवढीच ज्वारी यावी. ही योजना पुन्हा यावी, असं मी खासदारांना पत्र लिहून कळवणार आहे. ज्यांना पटतं त्यांनीही लिहा.

सोमवारी सकाळी काकांना घेऊन पोस्टात जायचंय. आधार, पॅन, दोन फोटो आणि चेकबुक काकूंनी आत्ताच पिशवीत भरून ठेवलंय. नॉमिनी म्हणून नाव कुणाचं लावायचं, यावर मात्र अजून घरात बोलणं चालू आहे.