१९०४ चा जागतिक मेळा घरच्या घरी कसा भरवावा

अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये राहायचं तर इथे १९०४ साली भरलेला जागतिक मेळा कधी ना कधी गळ्यात पडतोच. परवा आमच्या ऑफिसची पिकनिक फॉरेस्ट पार्कात झाली, थीम अर्थात ‘१९०४ चा मेळा’. उद्या तुमच्यावर पाळी आली तर हाताशी असावं म्हणून अनुभवाचे चार बोल.

पहिलं म्हणजे, जगातला प्रत्येक पदार्थ याच मेळ्यात जन्माला आला असं ठोकून द्या. हॅम्बर्गर, हॉट डॉग, आइस टी, डॉक्टर पेपर नावाचं थंड पेय. डॉक्टर पेपर टेक्सासात १८८५ पासून विकलं जात होतं, हे कुणाला सांगायचं नाही. आइस टी तर मेळ्यात चहा विकणाऱ्या ब्लेचिंडन साहेबाचाच! उकाड्यात भारतीय चहाला गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून त्याने त्यात बर्फ टाकला. त्याआधी पंचवीस वर्षं पाकपुस्तकांत कृती छापलेली होती, ती बहुधा कुणी वाचली नसावी.

क्विझ ठेवाच. आमच्याकडे प्रश्न होता, आइस्क्रीमचा कोन कोणी काढला? मी लिहिलं : दावेदार चार-पाच आहेत, आणि खाता येणाऱ्या आइस्क्रीम कपाच्या साच्याचं पेटंट न्यूयॉर्कच्या मार्किओनीला डिसेंबर १९०३ मध्येच मिळालं होतं. शून्य मार्क. हवं होतं ‘हमवी’. म्हणजे मेळ्यातला तो सीरियन झलाबियावाला, ज्याने आपली पातळ, कुरकुरीत झलाबिया गुंडाळून कोन केला म्हणतात, आणि ज्याच्या झलाबियाशी आपल्या जिलेबीचं नाव नातं सांगतं.

म्हातारीचे केस ठेवा. ते यंत्र काढण्यात एका दातांच्या डॉक्टरचा हात होता, आणि पंचवीस सेंटला एक असे ६८,६५५ खोके खपले. माणसाला धंदा कळला होता.

कुरमुऱ्यांसाठी तोफ लागेल. तिथे तांदूळ तोफेतून उडवून फुलवले होते. आपल्या भट्टीवाल्याचं कढई आणि वाळूत भागतं, पण त्याला कोण विचारतो.

कपडे : बायकांनी कॉर्सेट आवळून गळ्यापर्यंत बटणं लावावीत, डोक्यावर परातीएवढी हॅट. पुरुषांनी जुलैत लोकरी सूट. घेरी आली तर उत्तमच.

आणि एखादा देशी सहकारी असेल तर त्याला म्हणा, “तू तुमच्या पोशाखात ये, अस्सल वाटेल.” मला हेच सांगितलं, आणि मी शहाणा लग्नातला फेटा बांधून गेलो. लोकांनी शेजारी उभं राहून फोटो काढले. एकाने तर न विचारता शेमला चिमटीत धरून कापड चाचपून पाहिलं.

अस्सल हवंय? मग सगळंच अस्सल करा की! या मेळ्यात ४७ एकरांवर तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या फिलिपिन्समधली हजाराहून जास्त माणसं लोकांना बघायला आणून ठेवली होती. त्यांतले इगोरोत जमातीचे लोक कुत्रं खात ते विधीच्या प्रसंगी, तर तिथे त्यांना कुत्री पुरवून तो तिकिटाचा तमाशा केला. मग लंगोट्यांची लाज वाटली. निवडणुकीचं वर्ष, सरकारची अब्रू, म्हणून वॉशिंग्टनहून हुकूम आला की यांना फुलपँट चढवा. त्यावर मानववंशशास्त्रज्ञ ओरडले, फुलपँटमध्ये ते ‘अस्सल’ दिसणार नाहीत! पेपरांनी विनोद केले. ज्यांच्या अंगावर काय असावं हा वाद होता, त्यांना कुणी विचारलं नाही.

ऑफिसवाल्यांनो, तुमच्या पिकनिकच्या मेन्यूच्या मागे याबद्दल चार ओळी छापायला जागा होती. तिथे कोनाचं चित्र टाकलंत. हे शहर शंभरावर वर्षं त्या कोनाची टिमकी वाजवतंय, आणि त्या ४७ एकरांची आठवण काढली की लगेच “पिकनिकला कशाला हे” म्हणून तोंडं वाकडी करता. लाज वाटत नाही?

पुढच्या वेळी फेटा मिळणार नाही. आणि क्विझमधला माझा मार्क परत द्या.