राजकारण सोडून बोला

सांगली जिल्ह्यात साहित्य संमेलनांना तोटा नाही. गावोगावी भरतात, आणि प्रत्येक ठिकाणी एक मुलाखतकार लागतो. तो स्वतःच्या गाडीने यावा, जेवणाआधी आटपावा आणि शाल-नारळावर खूश असावा. यंदा तो मान माझा. समोर अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी कादंबरीकार, विषय ‘स्थलांतर आणि राजकारण’.

पत्रिका छापून झाल्यावर आयोजकांनी मला मांडवामागे नेलं. ‘‘सर, तेवढं राजकारण सोडून बोला. पुढच्या सोफ्यावर दोन्ही गटांची माणसं हायत.’’

‘‘मग स्थलांतरावर बोलतो.’’

‘‘बोला की! फक्त बाहेरच्यांना लागेल असं नको. आन् हितल्यांनाबी.’’

उरलं हवामान. पण सांगलीत पावसावर बोलायला लागलं की माणूस तिसऱ्या वाक्याला महापुरावर आणि चौथ्याला कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवर पोचतो.

मुलाखतीला तास दिला होता. त्यातला बराचसा सत्कारांनी खाल्ला. समई पंख्यापुढे ठेवलेली, त्यामुळे ज्योत लागेपर्यंत काडेपेटी संपत आली. मग लेखकांना फेटा, मंडपवाल्याला फेटा, सोफ्याला एका बाजूने फेटे बांधले म्हणून दुसऱ्या बाजूनेही. मी प्रश्नांचा कागद घडी घालघालून पोस्टाच्या तिकिटाएवढा केला.

लेखक बोलायला लागले आणि छान बोलले. १९४६च्या कायद्याने अमेरिकेने वर्षाला जेमतेम १०० भारतीयांना दार उघडलं, १९६५मध्ये ती वंशावर बेतलेली कोटापद्धत गेली, आणि आजची आपली बहुतेक मंडळी त्यानंतरची. मांडव जांभया देत होता. तेवढ्यात ते सहज म्हणाले, सप्टेंबर २०२५मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरची फी लावली.

अख्खा मांडव ताठ बसला. मागून कुणीतरी मोबाइलवर गुणाकार करून आकडा ओरडला. चिठ्ठ्यांचा पाऊस सुरू झाला. ‘पोराचं एमएस डिसेंबरात संपतंय, त्याला बी भरायचे काय?’ लेखकांनी समजावलं की तिथंच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना ही फी सहसा लागत नाही. दुसरी चिठ्ठी : ‘ग्रीन कार्ड कधी?’ नोकरीवर मिळणाऱ्या वर्षाच्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला सहसा सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांची रांग आषाढीच्या दर्शनबारीसारखी, असं ते म्हणाले. तिसरी चिठ्ठी मीच वाचली आणि पस्तावलो : ‘मुलगी पसंत केली आहे. ग्रीन कार्डापर्यंत थांबावं की उरकून टाकावं?’ साहित्यावरचा प्रश्न एकही नव्हता. माझा धरला तर एक, आणि तो उघडता येत नव्हता.

इतक्यात एक तरुण उठला. ‘‘बाहेरनं आलेल्यांनी हितल्या पोरांची कामं खाल्ली, त्यावर बोला!’’ सोफ्याच्या दोन्ही बाजूंनी टाळ्या. एकमत झालेलं तेवढंच. मला फार वाटत होतं की सांगावं : बाबा, आपली ही नाट्यपंढरी. कर्नाटकातून आलेल्या मंडळीचे खेळ बघून सांगलीच्या राजांनी विष्णुदास भाव्यांना आपल्याकडेही असं काही करा म्हणून सांगितलं, आणि १८४३मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. पण आयोजक विंगेतून दोन्ही हात हलवत होते.

मग विट्याकडचे एक मामा उठले. गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळाने ही माणसं देशभर पसरली.

‘‘माझं दुकान कोईमतूरला, मत हितं. नातू तमिळमध्ये पाढे म्हणतोय. निवडणुकीला हितली मंडळी गाडी पाठवत्यात, वर्षभर तिकडची मंडळी वर्गणी मागत्यात. तर साहेब, मी कुणाच्यात बाहेरचा?’’

लेखक पुढे सरसावले, आणि माइक बंद झाला. वेळ संपली होती म्हणे. आभारात चर्चा राजकारणविरहित झाल्याचं कौतुक झालं. मग कुणाचं नाव आधी घेतलं यावरून सोफा दुभंगला. माझं नाव राहूनच गेलं, पण लेखकांना मिरज स्टेशनला सोडायला गाडी माझीच आठवली. मामांनाही तिकडेच जायचं होतं. दोघे मागे बसले. रस्ताभर लेखक प्रश्न विचारत होते, मामा उत्तरं देत होते. मला विचारलं ते एवढंच, ‘‘सर, एसी जरा कमी करता काय?’’