‘ठेका दिला, संबंध संपला’ हे अर्धसत्य
सरकारी कामांच्या आउटसोर्सिंगविषयी एक दावा सर्रास पुढे पाठवला जातो: काम ठेकेदाराला दिले की कामगारांशी सरकारचा कायदेशीर संबंध संपतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उमादेवी निकालानंतर कामगारांना दाद मागण्याची जागाच उरलेली नाही.

संबंध संपतो हे म्हणणे पगारापाशीच अडते. कंत्राटी कामगारांविषयीच्या 1970 च्या कायद्यातील कलम 21(4) नुसार ठेकेदाराने पगार थकवला, तर तो काम देणाऱ्या आस्थापनेने चुकता करून ठेकेदाराकडून वसूल करायचा होता. नव्या श्रमसंहितेनेही ही जबाबदारी कायम ठेवली आहे.

दाव्याला आधार म्हणून स्टील अथॉरिटी प्रकरणातील 2001 चा घटनापीठाचा निकाल दाखवला जातो. कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत, असे तो निकाल म्हणतो, हे खरेच. मात्र ठेका निव्वळ कागदोपत्री आढळल्यास ते कामगार मूळ आस्थापनेचेच मानावेत आणि त्याचा निवाडा औद्योगिक न्यायाधिकरणाने करावा, हेही त्याच निकालात आहे. पुढे पाठवणाऱ्यांनी बहुधा तिथवर वाचलेले नसते. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या सुमारे 2,700 कामगारांचा लढा याच मुद्द्यावर उभा होता. न्यायाधिकरणाने 2014 मध्ये त्यांच्या बाजूने निवाडा दिला आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला.

अशा खटल्यांत जाडजूड करारनाम्यापेक्षा हजेरीपुस्तक अधिक बोलते: चौकीवर सकाळची हजेरी पालिकेचा मुकादम घेतो की ठेकेदाराचा माणूस, रजा कोण मंजूर करतो, आणि ठेकेदार बदलूनही तीच बाई त्याच गल्लीत झाडू मारते का. अर्थात पुरावा तोकडा पडला तर कामगार हरतातही. एअर इंडियाच्या उपाहारगृहातील कामगार 2014 मध्ये हरले.

राहिला उमादेवी निकाल. तो नियमबाह्य सरकारी नेमणुका न्यायालयांनी सरसकट कायम करण्याविरुद्ध आहे. त्यामुळे महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्याखालील औद्योगिक न्यायालयांचे अधिकार हिरावले जात नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने एसटी महामंडळाच्या प्रकरणात 2009 मध्ये स्पष्ट केले. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय जल आयोगातील सफाई कामगार महिलांच्या प्रकरणात तर न्यायालयाने आउटसोर्सिंगचा युक्तिवाद आयोगावरच उलटवला: कामावरून काढल्यावर तेच काम बाहेरून करून घ्यावे लागते, याचा अर्थ त्या कामाची गरज कायमचीच होती.