तेलाने चकाकणारा गुडघा

चवथीपासून डिचोलीतल्या आमच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: 'मुलांच्या हाडाचा कॅन्सर बरा होत नाही. सुई लावून तुकडा काढला की पसरतो. डॉक्टर पाय कापतात, केमोने मूल खंगतं आणि जातंच. त्यापेक्षा हाडवैद्याकडून चोळून घ्या.' काल तो मामांनी पाठवला, वर लिहिलं होतं: 'शेजारच्या पोराचा गुडघा सुजलाय, त्याच्या आईलाही पाठवलाय.' मामा, तुमचा भाचा वीस वर्षं एक्स-रे काढतोय, म्हणून बोलतो.

'बरा होत नाही' हे 1970 च्या आधी बरंचसं खरं होतं. ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कॅन्सरात नुसता पाय कापला तर पाचांतली चार मुलं जात, कारण न दिसणाऱ्या पेशी आधीच फुप्फुसात पोचलेल्या असत. त्यांना गाठते ती केमोच. केस जातात, उलट्या होतात, रक्तपेशी उतरल्या की साध्या तापालाही रात्री इस्पितळ गाठावं लागतं, हे खोटं नाही. पण आजार एकाच जागी असताना पूर्ण उपचार झाले, तर आज शंभरातली साठ-सत्तर मुलं पाच वर्षांनंतरही हयात असतात. युइंग सार्कोमा या हाडाच्या दुसऱ्या कॅन्सरातही जवळपास तसंच. फुप्फुसात गाठी दिसू लागल्यावर मात्र हा आकडा वीस-तीसवर येतो.

सुईचं म्हणणं अर्धं खरं, म्हणूनच जास्त घातक. तुकडा भलत्या जागेतून काढला तर वाचण्यासारखा पाय गमवावा लागू शकतो. म्हणून आधी एमआरआय, मग पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्याच सल्ल्याने बायोप्सी, म्हणजे तपासायला तुकडा काढणं. तिच्याशिवाय ऑस्टिओसार्कोमा, युइंग की हाडातला साधा जंतुसंसर्ग, हे ठरत नाही; आणि तिन्हींची औषधं वेगळी. युइंगच्या गाठीवर रेडिएशन चांगलं चालतं, ऑस्टिओसार्कोमावर फारसं नाही.

पाय? मोठ्या केंद्रांत बहुतेकांचा वाचतो. गाठीचं हाड काढून धातूचा सांधा बसवतात; वाढत्या मुलासाठी लांबवता येणाराही असतो.

आता चोळणं. इथे माझा तोल जातो. गोव्यात पोरगं लंगडलं की 'बॉल लागला असेल'. तेलाने चकाकणारे गुडघे माझ्या टेबलावर येतात तेव्हा दोन-तीन महिने उलटलेले असतात. ऑस्टिओसार्कोमा सर्वाधिक होतो तो गुडघ्याच्या आसपासच, तोही वाढीच्या वयात. बहुतेक सुजलेले गुडघे खरोखर मुक्या माराचेच असतात, मान्य. पण विश्रांतीने न थांबणारं, रात्री झोपमोड करणारं दुखणं आणि वाढती सूज असेल तर एक्स-रे हवाच. कधी हाडातून सूर्यकिरणांसारख्या रेषा फुटलेल्या दिसतात. असं पोखरलेलं हाड चोळताना मोडू शकतं, आणि मोडलं की गाठीतलं रक्त आसपास पसरतं.

मामा, त्या पोराचा एक्स-रे झालाय का? नसेल तर त्याच्या आईला सांगा, उद्या सकाळी सातला तयार राहा म्हणावं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात मी गाडीने नेतो. आणि तेल आजपासून बंद.