‘कॅन्सरने मरतात ते निष्काळजीपणामुळेच’ म्हणणाऱ्या मेसेजला एका आईचं उत्तर

तो मेसेज तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. कुणा डॉक्टरांच्या नावाने फिरतो आणि कित्येक वर्षं फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: निष्काळजीपणा सोडला तर कॅन्सरने कुणी मरायचं कारणच नाही. पहिलं, साखर पूर्ण बंद करा, साखर मिळाली नाही की कॅन्सरच्या पेशी आपोआप मरतात. दुसरं, अख्खं लिंबू गरम पाण्यात वाटून एक ते तीन महिने उपाशीपोटी प्या, ते केमोथेरपीपेक्षा हजारपट गुणकारी आहे. तिसरं, सकाळ-संध्याकाळ तीन-तीन चमचे खोबरेल तेल प्या. मला आला त्यात शेवटी आणखी एक ओळ होती: केमो हे केमिकल आहे, विष आहे, माणूस बरा होतो तो निसर्गानेच.

माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर असल्याचं कळलं. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर. आम्ही कराडकडचे. गेलं सव्वा वर्ष उपचारासाठी परळला एका खोलीत राहतोय. एवढ्या काळात हा मेसेज मला अकरा जणांनी पाठवला. सगळे आपलेच, सगळ्यांनी कळवळ्यानेच पाठवला. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्याचं त्राण नाही, म्हणून एकदाच नीट लिहिते.

साखरेपासून सुरुवात करते, कारण तो मुद्दा मलाही पटला होता. त्यात एक धागा खराही आहे. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी ग्लुकोज भराभर वापरतात, हे ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात दाखवलं होतं, आणि कॅन्सर शरीरात कुठे आहे ते दाखवणारा पेट स्कॅन चालतो तो याच गुणावर. पण ग्लुकोज काही फक्त साखरेच्या डब्यातून येत नाही. भात, भाकरी, दूध, फळं, सगळ्यातून येतं. काहीच खाल्लं नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ते तयार करतं, कारण मेंदूला ते लागतंच. म्हणजे साखर तोडून कॅन्सर उपाशी राहत नाही. लेकरू राहतं.

हे मी वाचून सांगत नाही. उपचाराच्या तिसऱ्या महिन्यात तिचं तोंड आलं होतं. ओठांच्या आतून घशापर्यंत पांढरे चट्टे, थुंकी गिळतानाही रडायची. त्या दिवसांत तिच्या घशाखाली उतरत होती ती फक्त गार केलेली गोड नाचणीची खीर. आणि नेमकी त्याच आठवड्यात मी मेसेज वाचून साखर बंद केली. फिकी खीर तिने पहिल्याच घासाला परत केली. आठ दिवसांनी काट्यावर उभी केली तर सव्वा किलो वजन उतरलेलं. चौदा किलोच्या मुलीचं सव्वा किलो. आहारतज्ज्ञ बाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि लिहून दिलं: खिरीत साखर, वर चमचाभर तूप, शिजवलेल्या सगळ्यात दाण्याचं कूट, रोज एक पूर्ण उकडलेलं अंडं. म्हणाल्या, अंगात ताकद नसली तर केमो सोसत नाही, डोस पुढे ढकलावा लागतो, आणि पुढे ढकललेला प्रत्येक डोस कॅन्सरच्या फायद्याचा.

कॅन्सरला खरोखर उपाशी मारणारं औषध आहे, हे मला नंतर कळलं. अॅस्पराजिनेज त्याचं नाव. ल्युकेमियाच्या पेशींना अॅस्पराजिन नावाचं अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) स्वतःला पुरेसं बनवता येत नाही, त्या ते रक्तातून उचलतात. हे इंजेक्शन रक्तातलं अॅस्पराजिनच संपवतं. निरोगी पेशी आपलं आपण बनवून घेतात, रोगी पेशी मरतात. उपासमारीची कल्पना अशी नेमकी लागू पडते तेव्हाच कामाची.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. हे इंजेक्शन आणि स्टेरॉइड एकदम चालू असताना काही मुलांची रक्तातली साखर वाढते. तेव्हा डॉक्टर स्वतःच काही दिवस गोड कमी करायला सांगतात. ते रिपोर्ट बघून सांगतात आणि पुन्हा सुरूही करायला सांगतात. स्टेरॉइडचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना माहीत आहे, रात्री अडीच वाजता मूल उठून बसतं आणि वरणभात मागतं. चार वाजता पुन्हा. त्या भुकेपुढे मेसेज दाखवून काय उपयोग?

आता लिंबू. लिंबावर माझा राग नाही, सरबत आमच्याकडेही होतं. लिंबवर्गीय फळांमधल्या काही घटकांची प्रयोगशाळेत, काचेच्या बशीतल्या पेशींवर चाचणी झाली आहे. तिथून माणसाच्या शरीरापर्यंतचा रस्ता फार लांब आहे आणि लिंबाने तो पार केलेला नाही. ‘हजारपट’ हा आकडा कोणत्याही रुग्णावरच्या अभ्यासातून आलेला नाही. पण मला जास्त भीती वाटते ती ‘एक ते तीन महिने’ या शब्दांची. या आजाराच्या नावातच अक्यूट आहे, म्हणजे झपाट्याने वाढणारा. उपचाराविना तो काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत मूल नेतो. लिंबाचा गुण येतो का बघू म्हणून थांबण्याइतका वेळ त्या मुलाजवळ नसतोच. शिवाय तोंड आलेल्या मुलाला लिंबाचं पाणी पाजून बघा, म्हणजे कळेल. नको, बघू नका.

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये असाच एक व्हिडिओ गाजला होता: दूध-साखर बंद करून, हळद आणि कडुनिंब घेऊन शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर बरा झाल्याचा. तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी निवेदन काढलं. या गोष्टींनी कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका, असं त्यात स्वच्छ सांगितलं होतं. ते निवेदन मला फक्त एकाने पाठवलं. व्हिडिओ सतरा जणांनी.

खोबरेल तेलाला दोनच वाक्यं पुरेत. मघाच्या अॅस्पराजिनेजमुळे काही मुलांच्या रक्तातली चरबी खूप वाढते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. अशा मुलाला दिवसाला सहा चमचे तेल पाजायचा सल्ला देणाऱ्याने ते मूल पाहिलेलं नाही.

‘केमो विष आहे, निसर्गच बरा करतो.’ या ओळीपाशी मी जास्त थांबणार आहे. आमच्या गावच्या घरासमोर सदाफुलीची रांग आहे. कुणी मुद्दाम लावली नाही, आपली उगवते, बारा महिने फुलते. माझ्या मुलीला पहिल्या महिन्यात दर आठवड्याला शिरेतून जे औषध दिलं ते व्हिन्क्रिस्टीन, आणि ते या सदाफुलीतूनच मिळालेलं आहे. पानांमध्ये ते इतकं किंचित असतं की थोड्या औषधासाठी पानांचे ढीग लागतात. माझ्या मुलीचा डोस होता साधारण एक मिलीग्रॅम, तिच्या उंची-वजनावरून काढलेला. तेवढ्यानेही तिची पोट साफ होण्याची पंचाईत झाली, जबडा दुखला, पावलं टाकताना पाय फरफटायला लागले. फिजिओथेरपीने पाय सावरले. तेव्हा झाडातलं म्हणजे निर्धोक, हे माझ्यासमोर कुणी म्हणू नये. पानं घरी वाटून द्यायचा विचारही करू नका. निसर्गातल्याच त्या वस्तूला मोजून, गाळून, तपासून, नेमक्या दिवशी दिलं म्हणून ती औषध झाली.

आणि हो, केमो क्रूर आहे. केस गेले, भुवया गेल्या, आरशातल्या स्वतःला ती ‘ही कोण’ म्हणाली. पण केमो यायच्या आधी काय होतं तेही सांगा की. १९४०च्या दशकात या आजाराच्या मुलांना घरी घेऊन जाण्यापलीकडे काहीच करता येत नव्हतं. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी काही मुलांना फॉलिक अॅसिड गटातली द्रव्यं (फॉलिक अॅसिड म्हणजे पेशी वाढायला लागणारं एक जीवनसत्त्व) देऊन पाहिली, तर आजार उलट भडकल्यासारखा वाटला. मग त्यांनी फॉलिक अॅसिडला अडवणारं औषध दिलं आणि १९४८ मध्ये पहिल्यांदा नोंदलं गेलं की काही मुलांचा आजार काही काळापुरता मागे हटला. ती औषधं ज्या प्रयोगशाळेत तयार झाली तिथे संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट माझी मुलगी आजही घेते. आज श्रीमंत देशांत या आजाराची दहातली जवळपास नऊ मुलं बरी होतात. कंपन्यांचा धंदा म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: मेथोट्रेक्सेट काय आणि तिची रोजची केमोची गोळी मर्कॅप्टोप्युरिन काय, दोन्ही सत्तरएक वर्षं जुनी औषधं. मक्तेदारी केव्हाच संपली, आपल्या देशातच बनतात.

जाता जाता: मेथोट्रेक्सेट फॉलिक अॅसिडला अडवूनच काम करतं. म्हणून ‘रक्त वाढवायला’ म्हणून आणलेलं टॉनिक अशा मुलाला परस्पर देऊ नका. आधी बाटलीवरचं वाचा आणि डॉक्टरांना दाखवा.

राहिला तो शब्द. निष्काळजीपणा.

माझा दिवस सांगते. पहाटे पाचला पाणी उकळायला ठेवते, तिचं प्यायचं पाणी वेगळ्या पातेल्यात. उठल्या उठल्या काखेत थर्मामीटर. मीठ-सोड्याच्या पाण्याने चार वेळा गुळण्या. फळ फक्त सोलून खायचं. मर्कॅप्टोप्युरिनची गोळी आठवड्यातले पाच दिवस पाऊण आणि दोन दिवस अख्खी, गल्लत नको म्हणून कॅलेंडरवर खुणा. शुक्रवारी मेथोट्रेक्सेटच्या सहा पिवळ्या गोळ्या, हातमोजे घालून. सोमवारी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, दुपारपर्यंत काउंट कळत नाही तोवर जेवण जात नाही. ताप १००.४ फॅरनहाइटला टेकला की पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, फाइल उचलून थेट कॅज्युअल्टी, मग रात्रीचा एक वाजलेला का असेना. पांढऱ्या पेशी खाली असताना साधा जंतूही काही तासांत जीव घेतो. फाइल आणि कपड्यांची पिशवी सव्वा वर्ष दारापाशी भरलेली आहे.

आमच्या शेजारच्या खोलीत एक बाई होती, विदर्भातली. मुलगा सहा वर्षांचा. मला हे सगळं तिनेच शिकवलं. दाराची कडीसुद्धा ती पुसून घ्यायची. पावसाळ्यात त्याला संसर्ग झाला. ताप दिसल्यापासून चाळीस मिनिटांत ती हॉस्पिटलात होती. सहाव्या दिवशी तो गेला. खोली रिकामी करताना तिने मला विचारलं, “ताई, माझं कुठं चुकलं?” तिच्याही फोनवर हा मेसेज होता. तिने मला तो दाखवला होता.

लहान मुलांच्या बहुतेक कॅन्सरचं कारण आजही सांगता येत नाही. गरोदरपणात आईने काय खाल्लं, मूल किती बिस्किटं खायचं, याच्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही. आपल्यासारख्या देशांत मुलं जास्त दगावतात त्याची कारणं जागतिक आरोग्य संघटना देते: निदानाला उशीर, उपचार न परवडणं किंवा न पोहोचणं, औषधांचा त्रास, आजार उलटणं, आणि उपचार अर्धवट सोडणं. यातलं शेवटचं कारण हा मेसेज स्वतः वाढवतो.

काही करावंसं वाटत असेल तर करण्यासारखं पुष्कळ आहे. प्लेटलेट्स द्या. त्या रक्तपेढीत जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून त्या सतत लागतात. गावाकडे राहिलेल्या थोरल्याचा अभ्यास घ्या, तो गेलं वर्षभर आजीजवळ आहे. मुंबईत काम निघालं तर एका सोमवारी माझ्याऐवजी रिपोर्टच्या रांगेत उभे राहा, मी तासभर झोपेन. आणि सर्दी-खोकला असेल तर या आठवड्यात येऊ नका, पुढच्या आठवड्यात या. दारात चपला वाजल्या की ती आतून विचारते, कोण आलंय.