कामगार नेते, आमदार व्हायचंय? मग एवढं टाळा!

परवा आमच्या गल्लीत एका 'कामगारसम्राटा'चा वाढदिवस झाला. खालच्या यंत्रमागावरच्या पोरांच्या पगारातून वर्गणी कापली, डीजे रात्री दीडपर्यंत. सम्राट मजूर पुरवायचा ठेकाही घेतात आणि त्याच मजुरांची युनियनही चालवतात. किती सोय! बोलणी करायला आरशासमोर उभं राहिलं की झालं.

तर नवोदितांनो, शिका यांच्याकडून. आमच्या सोलापूरचे माकपचे कामगार नेते आणि माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांच्या नादी लागू नका.

संप करू नका. निवेदन द्या, फोटो काढा.

प्रामाणिकच राहायचं असेल तर आधी आयुर्विमा उतरवा. मुंबईचे कामगार नेते कृष्णा देसाई आमदार असतानाच १९७० साली मारले गेले. गिरणी संपाचे नेते, मुलुंडचे माजी आमदार डॉ. दत्ता सामंत १९९७ साली, पवईत.

आणि घरं? घरं तर चुकूनही बांधू नका. आडम मास्तर १९७८, १९९५ आणि २००४ साली निवडून आले. गप बसून पेन्शन खायची की नाही? नाही! हजार विड्या वळून, वर तपासणाऱ्याने खराब म्हणून काढलेल्या विड्यांची छाट सोसून जी बाई घरी येते, तिला म्हणे स्वतःचं घर पाहिजे. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने सुमारे १०,००० घरं उभी केली. तेवढ्यावर थांबेल तो माणूस कसला! शेजारी रे नगर, ३०,००० घरांचं. म्हणजे आपलेच मतदार आपल्या हाताने शहराबाहेर नेऊन बसवायचे. असा अडाणी राजकारणी दुसरा दाखवा. २०१९ साली पायाभरणीला पंतप्रधान आले, मास्तरांनी चार चांगले शब्द काढले, तर त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. १९ जानेवारी २०२४ ला १५,००० घरांच्या चाव्या वाटताना पंतप्रधानांचा कंठ दाटून आला, अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सोलापूर शहर मध्यमधून मास्तर पडले.

(पाकिटं कुठल्या गल्लीत किती वाजता पोचली, ते लिहायची गरज नाही.)

जात बघून तिकीट मागा. हे वेगळं सांगायला नको.

पण पुढाऱ्यांना काय शिकवायचं, ते तयारच आहेत. मला तुमच्याशी, मतदारांशी बोलायचंय. २००९, २०१४, २०१९, २०२४, चार वेळा पाडलंत. "मास्तर चांगले हो, पण येत नाहीत निवडून." अरे, तुम्ही मत दिलं नाही तर येणार कसे? पाडा, मत तुमचं आहे. मास्तरांचं राजकारण नसेल पटत, तसं तोंडावर सांगा. पण मग पीएफ भरला नाही, मजुरी बुडवली, कामाचं कार्ड काढून घेतलं म्हणून मास्तरांच्या लाल बावटा युनियनच्या कचेरीत रडत कशाला जाता? लाज नाही वाटत? ज्याला मत दिलंत त्याच्याकडे जा ना!