आधी संस्था काढा, पक्ष कुठं जातोय!

साहेब व्हायचंय ना? मग आधी पक्षाच्या दारात ताटकळू नका, संस्था काढा. १८६०च्या कायद्याखाली नोंदणीला सात माणसं लागतात, म्हणजे घरातलीच पुरतात. बायको अध्यक्ष, मेहुणा खजिनदार, अगदीच एखादा कमी पडला तर ड्रायव्हर आहेच. संस्थेला नाव आईचं द्या. हिशेबाला कुणी नावं ठेवेल, आईला कोण ठेवणार?

मग शिलाई मशीन वाटा. एकच पुरते, फक्त फोटोत तिला नऊ हात लागलेले दिसले पाहिजेत. मशीन घेणारी बाई कडेला अर्धी कापली गेली तर चालतं, २०२३पासून एसटीतही तिला अर्धंच तिकीट आहे. ते धूड स्टँडपर्यंत तिनंच न्यायचं. यालाच महिला सक्षमीकरण म्हणतात.

एवढं झालं की प्रदेश सरचिटणीसपद मागा. जंबो कार्यकारिणीत जागा नसेल तर कार्यकारिणी वाढते, काळजी नको. आता टेबलाच्या दोन खणांत दोन लेटरहेड ठेवा. सकाळी पक्षाच्या लेटरहेडवर कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध आंदोलनाचा इशारा, दुपारी संस्थेच्या लेटरहेडवर त्याच कारखान्याला सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्या समाजकार्यासाठी देतात त्या पैशासाठी, विनंती. सीएसआरचा पैसा पक्षाला दिलेला कायद्याला चालत नाही. आपण कुठं पक्षासाठी मागतोय? खण तेवढा चुकवू नका. आमच्याकडे एकांचा चुकला, विनंती पक्षाच्या कागदावर गेली. चेक म्हणे दुसऱ्याच दिवशी आला.

निवडणुकीत पडलात? उत्तम. राज्यपालनियुक्त आमदारांसाठी घटनेच्या कलम १७१मध्ये साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा अशी क्षेत्रं दिली आहेत. कवितासंग्रह काढण्यापेक्षा समाजसेवा बरी, ती कुणाला वाचून दाखवावी लागत नाही. धीर मात्र हवा. नोव्हेंबर २०२०मध्ये बारा नावं राजभवनावर गेली. २०२२मध्ये ती पाठवणारं सरकार पडलं, तरी त्यांतलं एकही सभागृहात पोचलं नव्हतं. ऑक्टोबर २०२४मध्ये, आचारसंहिता लागायच्या तोंडावर, सात जणांनी शपथ घेतली. त्या बारांतला त्यात कुणी नव्हता.

म्हणून सांगतो, संस्थेच्या ॲम्ब्युलन्सवर स्वतःचा फोटो ऑइलपेंटनं काढून घ्या, पण पक्षाचं चिन्ह रंगवू नका. तिथं स्टिकर लावा. रॉकेलच्या बोळ्यानं निघतो.